त्यागमूर्ती तेवढं खोड

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

परवा तू वर्षश्राद्धाच्या पत्रिकेचा मजकूर फोनवर वाचून दाखवलास तेव्हा मी 'बरा आहे' म्हणाले. तू ऑफिसातून घरी चालला होतास, मागे हॉर्न वाजत होते, त्यात काय सांगणार? म्हणून लिहायला बसले. पानांचे फोटो काढून ताई तुला पाठवेल. मोबाइलवर एवढं टाइप करत बसले तर आत्यांचं, तुझ्या आज्जीचं, वर्षश्राद्ध उलटून जाईल.

आधी बारीकसारीक चुका. पस्तीस वर्षं वह्या तपासल्या, तेव्हा लाल पेन हातात आल्याशिवाय राहत नाही. 'कै. सौ.' काढ. तुझे आजोबा १९९६ ला गेले, तेव्हा सौ. कुठून आलं? त्या जागी 'गं. भा.'ही नको. कुणी तसं लिहिलेलं वाचून दाखवलं की आत्या म्हणायच्या, "मला गंगंत कशाला ढकलताय?" नुसतं नाव लिही. 'वयाच्या ९५ व्या वर्षी' हेही खरं नाही. ते तू आधार कार्डावरून काढलंस. त्यावर १ जानेवारी १९२९ आहे, पण आपल्या गावातली निम्मी म्हातारी माणसं १ जानेवारीलाच जन्मलेली आहेत. आत्यांचा हिशोब वेगळा होता. "गांधीबाबाला मारलं, त्याच उन्हाळ्यात माझं लगीन झालं, तवा मी पंधरा वर्सांची." म्हणजे ९१, फार तर ९२.

'५० वाऱ्या' हा आकडाही फुगवलेला आहे. १९६४ पासून २०११ पर्यंत. मध्ये दोन चुकल्या. ४६ झाल्या. बाकी कशाचं नाही, पण या आकड्याचं आत्यांना फार होतं. पन्नास लिहिलंस तर वरून ओरडतील.

आता मुख्य गोष्ट. 'त्यागमूर्ती', 'वात्सल्यसिंधू', 'संसारासाठी आणि नातवंडांसाठी जिने आयुष्य वेचले'. हे सगळे शब्द फ्लेक्सवाल्याच्या संगणकात तयार असतात, नाव बदललं की झालं. शेजारच्या गल्लीतल्या फ्लेक्सवरही हेच होतं, आणि त्या बाईंनी सुनेला दोनदा घराबाहेर काढलं होतं. पण माझा राग त्यावर नाही. आत्यांच्या बाबतीत ते खोटं आहे, आणि ते तुझ्याहून चांगलं कुणाला ठाऊक असायला हवं? तू तेरा दिवसांचा होतास तेव्हा त्या तुला टाकून वारीला गेल्या होत्या.

हे तुला आजवर कुणी सांगितलं नाही. मी सांगणार होते, पण आत्या असेपर्यंत ते चुगली केल्यासारखं वाटायचं.

जून १९८७. मृग कोरडा गेला होता. पुढे ते सालच दुष्काळाचं निघालं, देशभर. पहिल्या वेळी मी माहेरी गेले होते, दुसऱ्या वेळी इथेच राहायचं ठरलं, कारण ताई अडीच वर्षांची आणि माझ्या आईचे गुडघे धरलेले. आत्यांनी सगळं केलं. शेक, शेगडी, अळिवाची खीर, रात्री दोनदा उठून दुपट्टी बदलणं. बाराव्या दिवशी बारसं झालं, घुगऱ्या वाटल्या, पाळण्याची दोरी त्यांनीच धरली होती. तेराव्या दिवशी पहाटे मी डोळे उघडले तर त्या नेसून तयार. पडवीत बोचकं बांधलेलं. टाळ कमरेला. मला म्हणाल्या, "पिठाचा डबा भरलाय. जळण आत घेतलंय. शेरडाला पाला टाकाय सांगितलाय. येते एकादशी करून." आणि सहाच्या एसटीने आळंदीला गेल्या.

तुझे बाबा तेव्हा कंडक्टर, मुक्कामी ड्युटी. तुझे आजोबा घरात, पण त्यांना चहासुद्धा करता येत नव्हता. अंगावर दूध कमी, ताई किरकिर करतेय, आड शंभर पावलं लांब. मी वीस दिवस रडत होते आणि वीस दिवस आत्यांना शिव्या घालत होते. मास्तरणीला येतील तेवढ्या शिव्या. विठोबालाही घातल्या. माझ्या मनात पक्कं बसलं की या बाईला माणसांपेक्षा देव प्यारा. ते पुढे अकरा वर्षं बसलेलंच होतं.

आता त्यांच्याकडे वारी कशी आली ते सांगते, म्हणजे तुला नीट कळेल.

त्यांचं माहेर खटाव तालुक्यातलं. ९ सप्टेंबर १९४२ ला वडूजच्या कचेरीवर मोर्चा गेला, गोळीबार झाला, परशुराम घार्गे आणि त्यांच्या बरोबरची माणसं गेली, तेव्हा या नऊ-दहा वर्षांच्या, रानात शेरडं राखत होत्या. इतिहासाच्या तासाला मी तो प्रसंग शिकवायचे. आत्यांना त्यातलं एवढंच आठवायचं की त्या दिवशी माणसं पिकातनं पळत आली आणि आईने कुणाकुणाला पाणी दिलं, नावं न विचारता. अठ्ठेचाळीस साली लग्न होऊन इकडे माणात आल्या. बैलगाडीतून येताना वाटेत दोन गावांत गांधीहत्येनंतरच्या जाळपोळीत जळालेले वाडे बघितले आणि नवऱ्यामुलाला विचारलं, "हितं काय झालं?" तो म्हणाला, "गप बस." त्यांचा संसार या दोन शब्दांनी सुरू झाला, असं त्या हसत सांगायच्या.

माण म्हणजे काय हे तू सुट्टीपुरतं बघितलंयस. एकाच सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला पाच-सहा हजार मिलिमीटर कोसळतो आणि आपल्याकडे पाचशेला टेकला तर लोक पेढे वाटतात. बाजरी, मटकी, हुलगा, झालाच तर शाळू. त्यावर घर चालत नाही, म्हणून घरटी एक पुरुष मुंबईला. तुझे आजोबा परळच्या एका गिरणीत साचेखात्यात. दहा बाय बाराच्या खोलीत तालुक्यातली पंधरा-वीस माणसं पाळीपाळीने झोपायची, खानावळीत जेवायची. वर्षातून दोनदा गावाला यायची, यात्रेला आणि दिवाळीला. म्हणजे शेत, जनावरं, सासू-सासरे, तीन पोरं, सावकाराचा तगादा, सगळं आत्यांच्या अंगावर, आणि सातबारावर, मनिऑर्डरच्या कागदावर, रेशनकार्डावर नाव तुझ्या आजोबांचं. 'नवरा मुंबईला' असं म्हणत त्यांनी पस्तीस वर्षं काढली.

घरात वारी होती ती माझ्या आजेसासऱ्यांची. त्यांच्या आधी त्यांच्या वडिलांची. घराण्याची वारी म्हणजे ती मोडायची नाही, एका पिढीने दुसरीच्या गळ्यात घालायची. १९६४ ला आजेसासरे चालायचे थकले. थोरला मुलगा गिरणीत, त्याला वीस दिवसांची रजा कोण देणार? धाकटा शाळेत. वारी मोडणार म्हणून म्हाताऱ्याने अन्न सोडलं. तेव्हा आत्या चुलीपुढून उठल्या आणि म्हणाल्या, "मी जाते."

घरात काय गदारोळ झाला असेल याची कल्पना कर. तीस-एकतीसची बाई, नवरा गावात नाही, तीन लहान पोरं, तुझे बाबा आठ वर्षांचे. सासूबाई म्हणाल्या, बाईमाणूस एकली कशी जाईल? आत्यांनी उत्तर दिलं, "मग तुमी जावा." म्हाताऱ्याने भिंतीवरचा टाळ काढला आणि सुनेच्या हातात दिला. मुंबईला पत्र गेलं, तिकडून नकार येईपर्यंत आत्या जेजुरीच्या पुढे पोचल्या होत्या.

माळ त्याच वर्षी आळंदीत घातली. तेव्हापासून मांस-मच्छी बंद, एकादशी, संध्याकाळी धान्य निवडता निवडता हरिपाठ. तू बघितलंयस ते सगळं. एक गंमत तुला माहीत नसेल. यात्रेला आपल्याकडे बोकड पडतो, तेव्हा मटणाचा मसाला आत्याच भाजायच्या. खोबरं किती काळं करायचं, दगडफूल कधी टाकायचं, सगळं वासावर. तीस वर्षं भावकी त्या मसाल्याची वाहवा करत होती आणि त्यांनी तो कधी जिभेवर ठेवला नाही. मी विचारलं, "तुम्हाला चालतं कसं?" तर म्हणाल्या, "माळ माज्या गळ्यात हाय. तुमच्या का म्हनून घालू?"

भक्ती म्हणजे काय असं कुणी विचारलं तर मला आधी हे आठवतं, टाळ-मृदंग नंतर.

१९६७ च्या भूकंपाची गोष्टही सांगून टाकते, नाहीतर राहून जाईल. ११ डिसेंबरला पहाटे चार-सव्वाचारला कोयनेची जमीन हलली. सगळा जिल्हा झोपेत होता. आत्या जात्यावर होत्या. त्यांना वाटलं खुंटा ढिला झाला. एका हाताने जातं दाबून धरलं आणि दुसऱ्याने दळत राहिल्या. पत्रे वाजायला लागले, कोंबड्या ओरडल्या, तेव्हा कळलं की जातं नाही, भुई हलतेय. मग पोरांना उचलून अंगणात नेलं. आणि परत आत जाऊन सांडलेलं पीठ भरून ठेवलं.

आता तरडगावची रात्र.

१९९८ ला मी हट्टाने दोन दिवसांची किरकोळ रजा टाकली आणि लोणंदला जाऊन पालखीत शिरले. बघायचं होतं की ही बाई तिथे असं काय करते. मनात अकरा वर्षांचा तो जून होताच. लाखभर माणसांत आत्या सापडायला दुपार झाली. चांदोबाच्या लिंबापाशी उभं रिंगण लागलं होतं, माउलींचा अश्व दोन रांगांमधून धावत गेला आणि लोक त्याच्या टापांखालची माती कपाळाला लावायला धावले. त्या गर्दीत मला आपल्या आत्या दिसल्या. पदर खोचलेला, डोक्यावर तुळस, आणि मोठमोठ्याने हसत होत्या. बाळा, लग्नाला पंधरा वर्षं झाली होती, आणि त्यांचे वरचे दोन दात पडलेत हे मला त्या दिवशी कळलं. घरी त्या तोंडावर पदर धरून हसायच्या.

दुपारी दिंडीची पंगत बसली. आत्या बसल्या. भात, आमटी, बुंदी, वाढपी वाढत आला, "माउली, घ्या अजून." आत्यांनी घेतलं. परत घेतलं. मी त्यांच्या शेजारी बसले होते आणि मला घास गिळवेना, कारण त्यांना पंगतीत बसून, दुसऱ्याने वाढलेलं, गरम जेवताना मी पहिल्यांदा पाहत होते. घरात त्या चुलीपुढे उकिडव्या, सगळ्यांचं झाल्यावर, खरवडलेलं खायच्या. मीही कधी 'आधी तुम्ही बसा' म्हटलेलं मला आठवत नाही.

संध्याकाळी तळावर समाज आरती. ही रीत तुला सांगायलाच हवी. सगळ्या दिंड्या गोलात उभ्या राहतात, टाळ-मृदंगाचा असा कल्लोळ असतो की शेजारच्याचं ऐकू येत नाही. मग चोपदार हातातला दंड वर करून 'होऽऽ' म्हणतात आणि एका क्षणात सगळं थांबतं. लाखभर माणूस गप्प. पण ज्या दिंडीची काही तक्रार असेल, त्या दिंडीने टाळ थांबवायचा नाही. सगळीकडे शांत आणि एका कोपऱ्यात टाळ चालूच. मग चोपदार तिथे जातात, काय झालं ते ऐकून घेतात, निवाडा होतो, तेव्हा तो टाळ थांबतो. नंतर हरवलं-सापडलं पुकारतात, पुढच्या वाटचालीची सूचना होते, आणि आरती. त्या दिवशीही डाव्या अंगाला एक टाळ चालू राहिला होता. काहीतरी पाण्याच्या टँकरवरून होतं. आत्या माझ्या कानाशी म्हणाल्या, "ह्ये मला लई आवडतं. भांडान बी करायचं, पर टाळावर."

तेव्हा माझ्या डोक्यात एकदम उजेड पडला. त्यांना राग आला की त्या बोलायच्या नाहीत, पण पातेल्यावर झाकण वाजवत राहायच्या. एकसारखं. टण टण टण. तुझे आजोबा शेवटी यायचे, "आता काय झालं?" तुम्ही पोरं म्हणायचात, आज्जीचं काहीतरी बिनसलंय. ते बिनसणं नव्हतं, तक्रार होती, आणि चोपदाराची वाट बघणं होतं.

नालाबांधावरची गोष्टही मग मला दुसऱ्यांदा कळली. बहात्तरच्या दुष्काळात सगळं माण रोजगार हमीच्या कामावर होतं. कायदा पुढे १९७७ ला झाला, कामं आधीच निघाली होती. नालाबांध, पाझर तलाव, खडी फोडणं. खायला सुकडी आणि अमेरिकेतून आलेला तांबडा मिलो, जो शिजवला तरी दातात कचकचायचा. मुकादम माप कमी धरायचा. ढीग ब्रासभर असला तरी मस्टरवर पाऊण. बायका अंगठा उठवून गप्प बसायच्या. एका पगाराच्या दिवशी शिट्टी झाली, सगळ्यांचे हातोडे थांबले, आत्यांचा थांबला नाही. मुकादम ओरडला, तरी दगडावर ठक ठक चालूच. मग शेजारणीने उचलला. मग तिच्या शेजारणीने. बांधावरून ओव्हरसियर खाली उतरला तेव्हा आत्यांनी हातोडा ठेवला आणि म्हणाल्या, "आता माप घ्या." हे मला त्यांनी नाही, त्या कामावरच्या एका म्हातारीने सांगितलं. ती म्हणाली, तुझी सासू लई धीट. मी तरडगावपर्यंत त्याला धीटपणाच समजत होते.

त्यांची पहिली चुकलेली वारी त्याच दुष्काळातली, १९७३ ची. वीस दिवस मस्टर बुडालं असतं तर पोरांना खायला नव्हतं. दुसरी १९९६ ची, तुझे आजोबा ज्येष्ठात गेले म्हणून. या दोन्हींबद्दल त्यांनी कधी हळहळ केली नाही. मोजताना बोटं बरोबर दुमडायच्या, एवढंच.

तर त्या रात्री तरडगावच्या राहुटीत, खाली ओल, वर ताडपत्रीवर भुरभुर पाऊस, आम्ही दोघी एका घोंगडीवर. मी विचारलं. अकरा वर्षं गिळलेलं विचारलं. "आत्या, माझा बाळ तेरा दिवसांचा होता. तुम्ही गेलात कशा?"

बराच वेळ काही नाही. मला वाटलं झोपल्या. मग म्हणाल्या, "ऱ्हायले असते. पर मग तुज्याकडं बगितलं की वाटलं असतं, हिच्यापायी ऱ्हायलं. पोराकडं बगितलं की वाटलं असतं, ह्याच्यापायी ऱ्हायलं. त्ये वाईट." थोड्या वेळाने, "पिठाचा डबा पुरला का न्हाई?"

"पुरला," मी म्हटलं.

"मी तीस दिवसाचं दळून ठिवलं हुतं."

माझा राग गेला असं मी म्हणणार नाही. थोडा अजूनही आहे. ओल्या बाळंतिणीला सोडून जाऊ नये, हे माझं आजही मत आहे, आणि ताईच्या बाळंतपणात मी तिला सोडून कुठे गेले नाही. पण एक कळलं की वर्षाचे ३४५ दिवस ही बाई सगळ्यांची होती. आणि उरलेले वीस दिवस तिने कुणालाही दिले नाहीत. नवऱ्याला नाही, पोरांना नाही, नातवाला नाही. आपल्याकडच्या बाईला माहेरी जायचं तरी चार माणसांची परवानगी लागते. देवाच्या नावावर मात्र कुणाला 'नको' म्हणता येत नाही. हे आत्यांनी कधी बोलून दाखवलं नाही. त्यांना असं वाटत होतं का, तेही मी छातीठोक सांगणार नाही, हे माझं मास्तरणीचं डोकं आहे. त्यांची श्रद्धा खरी होती, त्यात मला शंका नाही. ४६ वाऱ्यांमध्ये विठोबाच्या पायांवर डोकं ठेवलं ते पाच-सहा वेळा. बाकी वेळी कळसाला हात जोडायचे, चंद्रभागेत बुडी मारायची आणि एसटीने परत. रांगेत दोन दिवस कशाला घालवायचे, म्हणायच्या, "त्येला काय मी ठावं न्हाई?" मागितलं मात्र काही नाही. ताईच्या बारावीला मी म्हटलं, काहीतरी बोला देवाला. तर म्हणाल्या, "आब्यास तिनं करायचा, आन् मी त्येला का तरास दिऊ?"

तुझ्या आजोबांनी ती वारी परत मागितली होती, ती गोष्ट तर पत्रिकेतच छापायला हवी. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या हाकेवर अडीच लाख गिरणी कामगार बाहेर पडले. तो संप रीतसर मागे असा घेतलाच गेला नाही, नुसता विरत गेला. आजोबा त्र्याऐंशीत पत्र्याची पेटी घेऊन गावी आले. मी त्याच उन्हाळ्यात या घरात आले. बारा महिने नवरा घरात, ही आत्यांना माझ्याइतकीच नवी गोष्ट होती. सगळं आयुष्य साच्यांच्या खडखडाटात गेल्यामुळे ते मोठ्याने बोलायचे, आणि पेरा कधी करायचा हे ठरवायला लागले, ज्यातलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं. पुढच्या जूनमध्ये म्हणाले, "आता मी आलोय. घराण्याची वारी पुरुषाची. तू ऱ्हा, मी जातो." आत्या भांडल्या नाहीत. "चला की, दोगं बी जाऊ." गेले. दिवे घाट चढून सासवडला पोचेपर्यंत आजोबांच्या पायाला असे फोड आले की तिथूनच एसटीत बसून घरी आले, तोंड पाडून. मी पाय शेकून दिले. त्यानंतर घराण्याची वारी कुणाची, हा विषय घरात निघाला नाही.

आजोबा गेल्यावर वारसनोंद होऊन आत्यांचं नाव सातबारावर लागलं. वय चौसष्टच्या आसपास. तलाठ्याने वाचून दाखवलं तेव्हा म्हणाल्या, "आता लावलं व्हय? काम सरल्यावर." पुढच्या वर्षी म्हसवडला माणदेशी महिला बँक सुरू झाली. प्रवर्तक बायका अंगठेबहाद्दर म्हणून रिझर्व्ह बँकेने आधी परवाना नाकारला होता, तर त्या बायकांनी लिहायला-वाचायला शिकून परत अर्ज केला. मी ही गोष्ट आत्यांना फार उत्साहाने सांगितली आणि पाटी-पेन्सिल घेऊन बसले. त्या म्हणाल्या, "सही कुनी बी करंल माजी. अंगठा कोन चोरनार?" खातं उघडलं ते अंगठ्यावर. माझ्या पस्तीस वर्षांच्या नोकरीतली एकमेव नापास विद्यार्थिनी.

शेवटची वारी २०११. पुढच्या वर्षी कंबर गेली आणि पाऊसही. त्या दुष्काळात म्हसवडच्या चारा छावणीत ऐंशीच्या आत्या आपल्या दोन जनावरांपाशी जाऊन राहिल्या, शेडनेटच्या सावलीला, आम्ही कितीही ओरडलो तरी. २०२० ला करोनात पालखी पायी निघाली नाही आणि पादुका ३० जूनला एसटीने पंढरपूरला गेल्या, ते टीव्हीवर बघताना तुझे बाबा गहिवरले. मला वाटलं आत्याही रडतील. त्या म्हणाल्या, "आमी जन्मभर एष्टीनंच परत आलो. आता देवाला बी कळू दे." आणि बाबांकडे वळून, "कंडक्टर कोन हाय?"

शेवटचे सहा महिने तुला माहीत आहेत, तू दोनदा येऊन गेलास. त्याबद्दल लिहीत नाही.

तू विचारलंस, घराण्याची वारी आता कोण चालवणार? मी नाही. मी अंडी खाते, माझ्या टाचा दुखतात आणि मला गर्दीत घाबरायला होतं. तुझे बाबा म्हणतात जाईन, पण त्यांच्या वडिलांचे पाय मी शेकलेले आहेत. ताईची धाकटी मात्र परवा टाळ मागत होती. नऊ वर्षांची आहे, वाजवायलाच मागत असेल. मी दिला आहे. दोरी जुनी झालीय, आत्यांच्या लुगड्याच्या काठाची आहे, ती बदलू नका म्हणून ताईला सांगितलंय.

फोटो आधार कार्डावरचा लावू नकोस, त्यात त्या पकडून आणल्यासारख्या दिसतात. लोणंदच्या पुढचा माझ्याकडे एक आहे, कडेला कुणाचं तरी बोट आलंय, पण दात नसलेले दिसतात. तो लाव. बाबा नको म्हणतील, त्यांचं ऐकू नकोस.

खाली नाव, गाव, आणि '४६ वाऱ्या'. बस. कीर्तनाची वेळ सकाळी दहाची आहे, तू नऊ लिहिलंयस. आमटीला मसाला मी भाजतेय, सुट्टी दोन दिवस आधी टाक. फ्लेक्सवाल्याला शुक्रवारी द्यायचं आहे.

तुझी
आई